खिडकीवर फक्त अडलेलंच येतं

पत्राचा सारांश: पत्रलेखक पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अकृषी विद्यापीठात वरिष्ठ लिपिक आहेत. वय 41, शिक्षण एम. कॉम. 2011 साली लेखी परीक्षा देऊन लागले, गेली सात वर्षं परीक्षा विभागात आहेत. ते लिहितात: ‘ताई, नोकरी कायम आहे, पगार वेळेवर होतो. सासरे म्हणतात, अशा नोकरीवर आमच्या गावात लग्नं जमतात. तरी रविवारची संध्याकाळ झाली की माझ्या पोटात गोळा येतो. खिडकीवर मुलं ओरडतात. प्राध्यापक मंडळी ‘कारकुनांनी घोळ घातला’ म्हणून मोकळी होतात. साहेब एवढंच विचारतात, निकाल कधी लागणार. माझ्या कामाचा कुणाला उपयोग नाही, फक्त त्रास होतो. पदोन्नती बिंदुनामावलीच्या, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गासाठी याच्या यादीच्या, तपासणीत अडकलीय. शेजारच्या टेबलावरचा कंत्राटी मुलगा माझंच काम माझ्या तिसऱ्या हिश्श्याच्या पगारात करतो, त्याच्यासमोर रडगाणं गायची लाज वाटते. मागे एका मुलीचा राखून ठेवलेला निकाल मोकळा करून दिला. ती पेढे घेऊन आली, ते सगळ्या विभागात वाटले, तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आता पेढेही घ्यायला लागलात का?’ सध्या एका खासगी विद्यापीठातून बोलावणं आलंय, हातात 12 हजार जास्त. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. बायको म्हणते जा, आई म्हणते वेडा झालास का. झोप उडालीय, घरी मुलांवर विनाकारण खेकसतो. एवढं मिळूनही समाधान नाही, म्हणजे माझंच काही चुकतंय का?’

*

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. माझी स्वतःची 31 वर्षं विद्यापीठाच्या कचेऱ्यांत गेली. आधी पात्रता विभाग, मग परीक्षा, शेवटी आस्थापनेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेचं बघणाऱ्या विभागात, कक्षाधिकारी. त्यामुळे तुमच्या पत्रातली खिडकी मला लांबची नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या पत्रावर त्याचीच सावली पडलीय. ज्याची नोकरी कायम आहे त्यानं कुरकुर करू नये, असं आपल्याकडे गृहीतच असतं. तुमच्या सासऱ्यांच्या बोलण्यात ते आहे आणि तुम्हीही ते मान्य करून टाकलंय. पण नोकरीची शाश्वती आणि कामातलं समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं पिट्सबर्गमधल्या सुमारे 200 अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेतल्या आणि 1959 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानं साधाच प्रश्न विचारला होता: कामावर तुम्हाला खूप चांगलं कधी वाटलं आणि खूप वाईट कधी? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी निघाली. वाईट वाटण्याच्या आठवणींत पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक, बसायची जागा हे होतं. चांगलं वाटण्याच्या आठवणींत काम तडीस नेल्याचा आनंद, कुणी दाद दिल्याचा आनंद, खुद्द कामाचा आनंद होता. त्याच्या पद्धतीवर पुढे खूप वाद झाले, पण ही एक गोष्ट मला माझ्या नोकरीत वारंवार खरी ठरताना दिसली. पगार वेळेवर झाला की पगाराचा त्रास संपतो. समाधान त्यातून आपोआप उगवत नाही. तेव्हा तुम्ही कृतघ्न नाही आहात, एवढं आधी मनाशी पक्कं करा.

आता तुमच्या एका वाक्याशी मला थोडं भांडायचंय. तुम्ही लिहिलंय, ‘माझ्या कामाचा कुणाला उपयोग नाही, फक्त त्रास होतो.’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? खिडकीवरून. पण खिडकीवर येतं कोण, याचा विचार करा. ज्याचं हॉल तिकीट वेळेवर निघालं, ज्याच्या आसन क्रमांकासमोर बरोबर गुण चढले, ज्याच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव शुद्ध छापलं गेलं, तो तुमच्या खिडकीवर कशाला येईल? तो गुणपत्रिका घेतो आणि नोकरीच्या मुलाखतीला जातो. खिडकीवर येतो तो राखीव निकालवाला, गैरहजर दाखवलेला, फोटोकॉपी मागणारा, नाव दुरुस्तीसाठी तिसरी खेप घालणारा. आपलं काम जितकं चोख, तितकं ते दिसेनासं होतं. शंभरातली पंचाण्णव कामं बिनबोभाट होतात आणि उरलेली पाच दिवसभर काचेवर टकटक करतात. सात वर्षं रोज फक्त ती पाच बघितलीत, तर कुणालाही वाटेल की आपण जन्मभर चुकाच केल्या.

आणि ती पाचही बहुतेक वेळा तुमची नसतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 म्हणतो, निकाल 30 दिवसांत लावायचा प्रयत्न करा, कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांपलीकडे जाऊ नका. मुदत कायद्यात आहे, माणसं मात्र मंजूर पदांच्या कितीतरी खाली. त्यात 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. म्हणजे नव्या धोरणाची मुलं, जुन्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीची मुलं आणि त्याहून जुन्या पॅटर्नचे मागे राहिलेले विद्यार्थी, सगळ्यांच्या परीक्षा एकाच हंगामात. वर श्रेयांक बँकेत नोंदी चढवायच्या, डिजिलॉकरवर गुणपत्रिका टाकायच्या. 2017 साली मुंबई विद्यापीठात घाईघाईनं संगणकावर उत्तरपत्रिका तपासायचं ठरलं, तेव्हा निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. निर्णय वरचा होता. पण त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रांगेतल्या मुलांच्या समोर उभं कोण होतं? विभागातले लिपिक. तुमच्या प्राध्यापकांनी ‘कारकुनांनी घोळ घातला’ म्हणण्याआधी हे आठवावं, असं मला फार मनापासून वाटतं.

खऱ्या चुकाही होतात, हे मी लपवणार नाही. नोकरीच्या सुरुवातीला हाती लेजर लिहायचे दिवस होते. माझ्या हातून एका मुलीचे 63 गुण 36 असे चढले आणि ती नापास झाली. आठवड्यानं तिचे वडील आले. त्या काळी आमच्या खिडकीला खालपर्यंत काच होती आणि तळाशी अर्धगोल फट. बोलायचं तर माणसाला कमरेत वाकावं लागे. आत बसलेल्या मला त्यांची हनुवटी दिसत होती आणि फटीतून आत सरकवलेले दोन हात. नखांत माती होती. ‘बाई, पोरगी जेवत नाही,’ एवढंच ते म्हणाले. दुरुस्तीची टिपणी लिहिली तेव्हा कळलं, एका आकड्यासाठी नस्तीला, म्हणजे फायलीला, सात टेबलं फिरायचं असतं. मी ती हातात घेऊन टेबलाटेबलावर उभी राहिले, तरी नऊ दिवस लागले. एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मी विचारलं होतं, ही काच एवढी खाली का? ते म्हणाले, ‘वाकून बोललं की आवाज चढत नाही.’ पुढे माझ्या अखत्यारीत आल्यावर मी ती काच छातीच्या उंचीपर्यंत काढून टाकली आणि बाहेर एक बाक ठेवला. ओरडणं वाढेल, असं सगळे म्हणत होते. कमी झालं. समोरच्याचा चेहरा दिसायला लागला की आपणही वेगळं बोलतो आणि तोही.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला प्रयोग तुम्हाला सांगावासा वाटतो. ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2007 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारे कर्मचारी होते. काम कंटाळवाणं, दिवसभर नकार ऐकायचे. त्यातल्या काहींची त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी फक्त पाच मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभरानं पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून वाढला होता आणि जमवलेली रक्कम अडीचपटीच्या पुढे गेली होती. पगार तोच, खुर्ची तीच. आपलं काम ज्याच्यापर्यंत पोचलं तो माणूस त्यांनी एकदा पाहिला होता. हे वाचून कुणा कुलसचिवांना वाटेल की चला, पगाराचं आणि रिक्त पदांचं नंतर बघू, आधी एक कार्यक्रम घेऊ. तसं अजिबात नाही. थकलेलं देणं द्यायलाच हवं. तुमच्या बाबतीत मला देणं आणि समाधान हे दोन्ही वेगवेगळे धरायचेत, कारण तुम्ही ते एकत्र मळून ठेवलेत आणि म्हणून कशालाच हात लागत नाही.

देण्याचं आधी बघू. तुम्ही पदोन्नतीबद्दल लिहिलंत, पण सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेचा पहिला लाभ मिळाला की नाही, ते लिहिलंच नाही. 14 वर्षं सेवा झालेल्या माणसाच्या पत्रात ही ओळ नसावी, याचं मला आश्चर्य वाटलं. पद रिकामं नसलं तरी ठरावीक सेवेनंतर वरच्या पदाचं वेतन द्यायचं, यासाठीच ती योजना आहे. विद्यापीठांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना त्यासाठी किती वाट पाहावी लागली, ते तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारी 2023 मधल्या परीक्षांच्या कामावरच्या बहिष्कारात 10, 20, 30 वर्षांच्या लाभाची मागणी पुढे होती. तुम्ही त्यात होतात का, हे मी विचारत नाही. पण आज आपलं प्रकरण नेमकं कुठल्या टेबलावर आहे, हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

त्यासाठी आस्थापना विभागात जाऊन आपलं सेवापुस्तक पाहायला मागा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. प्रत्येक वेतनवाढीची नोंद, प्रत्येक वर्षाची सेवा पडताळणी, नामनिर्देशन, सगळं ओळीनं वाचा आणि दुय्यम सेवापुस्तक करून घरी ठेवा. आस्थापनेत मी पाहिलेली निम्मी दुखणी सेवापुस्तकातल्या कोऱ्या जागेतून आलेली होती. मग तात्पुरती सेवाज्येष्ठता यादी बघा. हरकत घ्यायची मुदत गेली की पुढचं सगळं अवघड होतं. बिंदुनामावलीचं प्रकरण अडलंय म्हणता, तर ते विद्यापीठातच पडून आहे की तपासणीसाठी मागासवर्ग कक्षाकडे गेलंय, तारखेसह लेखी विचारा. तोंडी विचारलं की ‘चालू आहे’ हेच उत्तर मिळतं. लेखी उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे, विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे, त्यापुढे न्यायाधिकरण आहे. आणि संघटनेला फक्त संपाच्या दिवशी भेटू नका. तुमच्यासारखे पंधरा जण एकाच कारणानं अडले असतील तर पंधरा अर्जांपेक्षा एक निवेदन लवकर हलतं.

एक वाट तुम्ही विचारातच घेतलेली दिसत नाही. सहायक कुलसचिवाची पदं काही पदोन्नतीनं, तर काही जाहिरातीनं भरली जातात. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के ही विद्यापीठ अनुदान आयोगाची अट. एम. कॉम.ला तुम्हाला किती होते? असतील तर राज्यातल्या इतर विद्यापीठांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा आणि अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयामार्फत करा. तसं केलं तर धारणाधिकाराचा, म्हणजे जुन्या पदावर परत यायच्या हक्काचा, आणि मागच्या सेवेचा विचार होऊ शकतो. घाईत दिलेल्या साध्या राजीनाम्यानं मागची सेवा हातची जाऊ शकते.

आता ते खासगी विद्यापीठ. जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीचे काही जण गेले आणि बहरले, कारण त्यांना निर्णय घ्यायला मिळाले. पण 12 हजारांचा हिशेब मात्र पुरा करा. तुम्ही 58 व्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे 17 वर्षं उरली. तेवढ्या काळातला महागाई भत्ता, वार्षिक वेतनवाढ, साठलेली अर्जित रजा, उपदान (ग्रॅच्युइटी) हे सगळं एका बाजूला मांडा. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागल्यामुळे तुम्ही जुन्या पेन्शनमध्ये नाही. राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेतलं तुमचं खातं नोकरी बदलली तरी चालू राहतं, पण नवा मालक त्यात किती भर घालणार? राज्य कर्मचाऱ्यांसाठी शासनाचा वाटा 14 टक्के आहे. तुमच्या वेतनपावतीवर काय दिसतं ते बघा आणि तोच प्रश्न तिकडे विचारा. नेमणूकपत्रात परिवीक्षा (प्रोबेशन) किती, काढून टाकायची मुदत किती, कामाचं स्वरूप काय, हे वाचल्याशिवाय होकार कळवू नका. ‘विद्यार्थी सेवा व्यवस्थापक’ असं पदनाम असलेल्या माणसाच्या गळ्यात प्रवेशांचं उद्दिष्ट पडलेलं मी पाहिलंय. तिथल्या दोन जुन्या कर्मचाऱ्यांना बाहेर चहाला भेटा. साहेबांना भेटून हे कळणार नाही.

हा हिशेब झाल्यावर स्वतःला एक विचारा: उद्या आश्वासित प्रगतीचा लाभ मिळाला, तर तिकडचं बोलावणं तुम्हाला इतकंच गोड वाटेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमचं दुखणं देण्याचं आहे, लढा इथे राहून द्या. ‘तरी जावंसं वाटेल’ असं असेल, तर तुम्हाला कामच बदलून हवंय. मग त्याआधी अंतर्गत बदली मागून पाहायला काय हरकत आहे? सात वर्षं सलग परीक्षा विभागात ठेवणं हे माणसाला झिजवणंच आहे. शिष्यवृत्ती, ग्रंथालय, दूरशिक्षण, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्ष, कुठेही चालेल. मी पात्रता विभागातून परीक्षेत आले तेव्हा पहिले सहा महिने रडले आणि मग मला ते काम आवडायला लागलं. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. पण टेबल बदललं की माणूस बदलतो, हे मी खूपदा बघितलंय.

राहायचं ठरलं, निदान पुढच्या हंगामापर्यंत, तर दोन गोष्टी करून बघा. आपल्या कार्यविवरण नोंदवहीत प्रलंबित किती याचा हिशेब ठळकपणे असतो, कारण साहेब तोच विचारतात. तुम्ही घरच्या वहीत दुसरा हिशेब ठेवा: आज काय निकाली निघालं. नाव नको, आसन क्रमांक नको, एक ओळ पुरे. ‘फार्मसीच्या मुलाचं ट्रान्सक्रिप्ट, लिफाफा बंद केला, जोडावर सही-शिक्का, कुरिअरला दिलं.’ तो लिफाफा बंद करताना अर्धी सही वरच्या झापेवर आणि अर्धी खाली येते ना, त्या एका सहीवर परदेशातलं विद्यापीठ विश्वास ठेवतं. ती सही करणारा माणूस किरकोळ कसा?

दुसरी गोष्ट खिडकीची. नाव दुरुस्ती, दुबार गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र, राखीव निकाल या चार कामांना कोणकोणते कागद लागतात, ते मोठ्या अक्षरात मराठीत लिहून काचेवर लावा. खाली लिहा, किती दिवस लागतील. मुलं चिडतात ती उशिरानं कमी आणि खेपांनी जास्त. पहिल्या खेपेला शपथपत्र आणा, दुसऱ्या खेपेला प्राचार्यांचं पत्र आणा, तिसऱ्या खेपेला चलन भरा. नंदुरबारच्या काय किंवा जतच्या काय, कुठल्याही आडगावच्या मुलाची प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. हा कागद त्या कंत्राटी मुलाला बरोबर घेऊन तयार करा, खाली दोघांची नावं टाकून साहेबांकडे टिपणीनं सादर करा. त्याच्यासमोर तुम्हाला लाज वाटते, हे तुमच्या चांगुलपणाचं लक्षण आहे. पण तुम्ही नोकरी सोडून त्याचा पगार वाढणार नाही. त्याला टिपणी लिहायला शिकवा, त्याच्या कामाची लेखी नोंद राहील असं बघा, उद्या कुठे अर्ज केला तर त्याला ती लागेल. आणि संघटनेच्या निवेदनात त्याच्यासारख्यांचाही मुद्दा घालायला लावा.

रविवारच्या गोळ्याबद्दल मात्र मी गंभीर आहे. तो गोळा, झोप उडणं, घरी मुलांवर विनाकारण खेकसणं, हे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. महिनाभर असंच चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. बोलायला कुणी हवं असेल तर 14416 हा टेली मानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. इतक्या शिणलेल्या मनानं घेतलेला निर्णय, राहायचा असो की जायचा, बरोबर आला तरी मनाला पटत नाही. शक्य असेल तर उत्तर देण्याआधी चार दिवस रजा काढा आणि त्यात विद्यापीठाचा एकही फोन घेऊ नका. बायको जा म्हणते आणि आई राहा म्हणते, दोघीही तुम्हाला असं शिणलेलं बघूनच बोलतायत. त्या चार दिवसांत दोघींना समोर बसवून वरचा हिशेब दाखवा.

आता पेढ्यांचं. सगळ्या पत्रात तुम्ही ते दोन ओळींत उरकलंत आणि त्यातही साहेब काय म्हणाले त्यावर अडकलात. साहेबांचं ते बोलणं चुकीचंच होतं. काम नियमात झालेलं, नंतर आलेला पेढा सगळ्या विभागात वाटलेला, त्यात झाकण्यासारखं काहीच नाही. पुढच्या वेळी असं झालं तर डबा आधी साहेबांच्याच टेबलावर उघडा आणि मुलीला तिथेच उभी करून तिच्या तोंडून सांगू द्या.

पण ती मुलगी कोण होती? तिचा निकाल कशामुळे राखून ठेवला होता, तो मोकळा व्हायला तुम्ही कोणाकोणाकडे गेलात, तिला तो कशासाठी हवा होता, आता ती कुठे आहे, यातलं काहीच तुम्ही लिहिलं नाहीत. साहेबांचं वाक्य शब्दन्‌शब्द लक्षात राहिलं आणि तिचं नावही पत्रात आलं नाही. नाव मला नकोच. पण बाकीचं सगळं त्या घरच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा. आणि उत्तर काहीही ठरलं तरी महिनाअखेरीनंतर मला एक पत्र टाका. त्यात तिच्याबद्दल वाचायला मला आवडेल.